आकाशातल्या बाईचं कपाळ

कॉफीचा मग जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवायचा, खोलीत न्यायचा नाही, हा अक्षयानं स्वतःच घालून दिलेला नियम. घरात कुणी तो मोडला तर ती जे तोंड सोडायची, ते एव्हाना तिच्या नवऱ्याच्या, हरीशच्या, चांगलं अंगवळणी पडलं होतं. आज तिनंच तो मोडला. झोप पुरती उतरली नव्हती, हातातला मग हातातच राहिला, आणि टेबलापाशी जाऊन जे दिसलं त्यानं हात असा हलला की कॉफी मनगटावर सांडली. भाजलं, पण ते तिला नंतर कळलं. टेबलावरच्या चित्रातल्या बाईच्या कपाळावर लाल ठिपका होता. काल दुपारी तो नव्हता. साडेतीनशे वर्षं तो नव्हता. तिला आधी वाटलं, रक्त. थंडीत तिचा घोळणा फुटायचा. तिनं घाईघाईनं नाकाखाली बोट फिरवलं, बोट कोरडं निघालं. मग वाटलं, डोळ्यांतच काही आलं असेल, आणि तिनं वेड्यासारखी दोनदा पापण्यांची उघडझाप केली. ठिपका होता तिथंच होता, नेमका, दोन्ही भुवयांच्या मध्ये, लावायला हवा तिथं. चुकून पडलेला डाग असा मधोमध पडत नाही. कुणीतरी तो लावला होता. 

चित्र इल्कली गावच्या मिसेस व्हिटेकरांचं. त्यांच्या आजोबांनी कुठूनसं आणलेलं, जिन्याखाली ओलीत पडून राहिलेलं, कडांना बुरशी धरलेलं. जुने कागद दुरुस्त करायचे, हा अक्षयाचा धंदा. लीड्समधल्या या घराचा माळा तिनं त्यासाठीच काबीज केला होता. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईनं त्यात चित्र काढायचं आणि पत्रा अ‍ॅसिडमध्ये बुडवायचा. अ‍ॅसिड रेघ तेवढी खातं आणि त्या खाल्लेल्या रेघेत शाई बसते, तीच मग दाबून कागदावर उतरवायची. कुण्या इटालियन माणसानं असं हे चित्र काढलं होतं आणि खाली सही करायचं विसरला होता, किंवा घाबरला होता. समुद्रकाठचं एक शहर. आकाश वरपासून खालपर्यंत फाटलेलं. त्या फटीतून एक भलंमोठं जनावर उतरलंय, तोंड सिंहाचं, पंख वटवाघळाचे, शेपूट सापाची. त्यानं एका तरुण बाईला कमरेला धरून उचललंय. बाईचे केस वर उडालेत, एक चप्पल सुटून खाली पडते आहे, ती अजून जमिनीला टेकलेली नाही. खाली घोडा बुजलाय, माणसं सैरावैरा पळताहेत, आणि देवळाच्या पायऱ्यांवर एक म्हातारी एक हात वर करून उभी आहे, तळवा उघडा. गोष्ट कुठली, कोणालाच ठाऊक नाही. अक्षया कधी ती शोधायच्या भानगडीत पडलीच नव्हती. तिला त्या चित्रातलं सगळं तोंडपाठ होतं, पण कसं? घोड्याच्या पोटाशी पाण्याचा डाग, पंखाच्या टोकाला कसरीनं पाडलेलं भोक, म्हातारीच्या डोक्यावरून गेलेली घडी. त्या बाईचा चेहरा जुन्या रुपयाएवढा होता आणि नशिबानं स्वच्छ होता, म्हणून तिनं तिकडं फारसं बघितलंच नव्हतं.

बघितलं होतं ते आईनं. दिवाळीनंतर लीलावतीबाई पुण्याहून आल्या, आणि लेकीचं काम बघायचं म्हणून एकदाच, गुडघे धरधरून माळा चढल्या. तेव्हा चित्र नुकतंच आलं होतं. ‘ही कोण गं?’ त्यांनी विचारलं होतं. कुणालाच माहीत नाही, अक्षया म्हणाली. ‘आणि तो कुठं नेतोय तिला?’ ‘आई, चित्र आहे ते.’ ‘चित्र आहे ते मला दिसतंय. नेतोय कुठं?’ अक्षया हसली होती आणि संध्याकाळी हरीशला तिनं हा किस्सा रंगवून सांगितला होता. आता ते हसू आठवून तिला कसंतरी झालं. कारण या घरात कपाळाला कुंकू लावायचं सुचेल असं माणूस एकच होतं. आणि आज सकाळी शाळेची बॅग पाठीला लावता लावता दिया आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली होती, ‘ममा, आजी काल तुझा स्टुडिओत गेला होता. शी वॉज सो स्लो ऑन द स्टेअर्स.’ ‘गेली होती,’ अक्षयानं सवयीनं सुधारलं होतं, आणि भाषा सुधारण्याच्या नादात वाक्य ऐकायचंच राहून गेलं होतं.

ती रागावली. बरंच झालं, रागाला धरून उभं तरी राहता येतं. शुक्रवारी मिसेस व्हिटेकर चित्र न्यायला येणार, त्या काय म्हणतील, ही गोष्ट या छोट्याशा धंद्यात किती वेळात मँचेस्टरपर्यंत पोचेल, मग पुन्हा कोण आपल्या हातात कागद देईल. असं मनाशी घोकत तिनं दिवा ओढला, भिंग डोळ्याला लावलं आणि ठिपक्यावर वाकली. काम सुरू झालं की तिचं डोकं थंड व्हायचं. उदबत्तीच्या काडीच्या टोकानं लावलंय. काडी ओली करून. भुकटी वर बसलीय ती कुंचल्यानं निघेल, रंग मात्र कागदाच्या धाग्यांत उतरलाय. आणि रंग, रंग कुठला? इथं तिचं थंड झालेलं डोकं एकदम थांबलं. आईच्या देवांपुढच्या वाटीत असतं ते कुंकू वेम्बलीच्या दुकानातलं, गुलाबी, भडक, बोटाला लागलं तर साबणाला दाद देत नाही. हे तसं नव्हतं. हे विटकरी होतं, जुनं, आणि त्याची कड पिवळी पडायला लागली होती. म्हणजे हळदीचं, खरं. हळदीला चुना लावून लाल केलेलं. जुन्या कागदात आंबटपणा मुरलेला असतो, त्याला लागलं की हे कुंकू उलटं फिरतं, पुन्हा हळद होतं. असलं कुंकू या घरात एकाच करंड्यात होतं. सावंतवाडीचा लाखेचा करंडा, लग्नात आईनं दिलेला. आणि तो करंडा कुठं होता ते अक्षयाशिवाय कुणालाही माहीत असायचं कारण नव्हतं.

तिनं भिंग खाली ठेवलं. मन ठिकाणावर नसताना या टेबलापाशी बसायचं नाही, हा दुसरा नियम. तोही मोडून ती बसून राहिली. सहा वर्षांपूर्वीचा एप्रिल, रस्ते धुतल्यासारखे रिकामे, आणि पासिंजर सीटवर हा करंडा. वाटेत झाकण उघडू नये म्हणून तिनं त्याला सेलोटेपचे दोन वेढे मारले होते. मोठी बहीण वरदा मँचेस्टरच्या एका हॉस्पिटलमध्ये वारली, आजार सगळ्या जगाचाच होता तो. तिचा नवरा यतीन स्वतः तापानं फणफणलेला, लहान पोराला घेऊन घरात कोंडलेला. विमानं बंद. म्हणजे माहेरचं आणि सासरचं मिळून माणूस एकच, अक्षया. आदल्या रात्री आई पुण्याहून फोनवर बोलत होती, न रडता, एकेक गोष्ट सांगत, लग्नाच्या सामानाची यादी सांगावी तशी. सवाष्ण गेलीय ती. हिरवी साडी नेसव म्हणतील तर नेसव, नाही म्हणाले तर अंगावर घाल. ओटी भर. आणि बाकी काही जमलं नाही तरी मळवट भर तिचा. कपाळ मोकळं ठेवून पाठवू नकोस माझ्या पोरीला. हो आई. हो. हो गं आई. आणि दुसऱ्या दिवशी दहनाच्या त्या हॉलमध्ये मास्क लावलेला एक उंच माणूस, आवाज फार मऊ, ‘आय अ‍ॅम सो सॉरी, लव्ह, वुई कान्ट ओपन इट.’ पेटी पिवळट ओकची होती. तो माणूस दोन पावलं मागं सरकून, मान वळवून उभा राहिला, म्हणजे तिला जे करायचं ते करू द्यावं म्हणूनच. तिचा हात कोटाच्या खिशात होता, करंड्यावर. पुढं जे झालं ते तिनं हरीशला सांगितलेलं नव्हतं, कुणालाच नाही.

ती उठली, खाली आली, हॉलमध्ये जिन्याखाली टांगलेल्या कोटांत हात घालून काळा कोट शोधला. त्या दिवसानंतर तिनं तो घातला नव्हता आणि टाकूनही दिला नव्हता. उजवा खिसा रिकामा होता. डावाही. तरी ती पुन्हा पुन्हा उजव्याच खिशात हात घालत राहिली, अस्तराच्या कोपऱ्यापर्यंत बोटं नेत राहिली. एवढी घाबरलेली ती त्या दिवशी पेटीसमोरही नव्हती.

स्वयंपाकघरात आई मेथी निवडत बसली होती. अंगावर हरीशचा स्वेटर, डोक्याला मफलर, पायांत दोन-दोन मोजे. मार्च संपत आला तरी या देशात थंडी कशी संपत नाही, यावर रोज सकाळी तिचं भाषण व्हायचं. आज ते झालं नव्हतं.

‘आई, काल वर गेली होतीस?’

‘गेले होते.’

‘ते चित्र दुसऱ्यांचं आहे. क्लायंटचं. शुक्रवारी त्या कलेक्ट करायला येणार आहेत. तुला कल्पना आहे का, त्याची व्हॅल्यू—’ तिचं तिलाच ऐकू आलं आणि ती थांबली.

आईनं मेथीची एक काडी खुडली, पानं एकीकडे टाकली, देठ एकीकडे. ‘काल कचऱ्याचा बिन बाहेर ठेवायचा होता. दिया म्हणाली, आजी, थंडी आहे, हा कोट घाल. घातला. खिशात हात घातला ऊब म्हणून.’ मग तिनं पोह्यांच्या डब्यामागं हात घालून करंडा काढला आणि मेथीच्या ढिगाशेजारी ठेवला. टेपचा फाटका तुकडा अजून झाकणाला चिकटलेला होता. ‘मला वाटलं, तिथूनच परत आणला असशील. लावून. मग बघितलं तर टेप तशीच. झाकण उघडलं तर काठोकाठ भरलेला. बोटाचा ठसासुद्धा नाही.’

अक्षयाला वाटलं, आता आई ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

‘पेटी बंद होती, आई. उघडायला अलाउड नव्हतं. कुणालाच नव्हतं तेव्हा.’

‘मग तसं सांगायचंस.’

‘कसं सांगणार होते मी? तू तिकडं एकटी, मी इकडं. मला वाटलं, तुला निदान एवढं तरी...’

‘मी तुला विचारलं, मळवट भरलास का. तू म्हणालीस, भरला. मी विचारलं, कशी दिसत होती. तू म्हणालीस, शांत. झोपल्यासारखी. केस नीट विंचरले होते म्हणालीस, आई, कपाळ भरून कुंकू छान दिसत होतं म्हणालीस.’ आई हे सगळं तिच्याकडं न बघता, एकाच सुरात बोलत होती. ‘सहा वर्षं मी तो चेहरा बघतेय, अक्षया. रोज, देवापुढं बसले की. तिचा चेहरा म्हणून. आणि तो तू मनानंच केलेला होता.’

घरात बॉयलर सुरू झाल्याचा आवाज आला. अक्षया ओट्याला टेकून उभी होती. आपण खोटं बोललो हे तिला माहीत होतं. त्याची तिला कधी लाजही वाटली नव्हती, उलट आपण आईचं दुःख हलकं केलं असं ती मनोमन धरून चालली होती. त्या खोट्याला आई रोज फुलं वाहत असेल, हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

‘झाकणावर लावायचंस की,’ आई म्हणाली. ‘पेटी तर होती ना समोर. झाकणावर कपाळाच्या जागी एक बोट टेकवायचंस. तेवढंही करू देत नव्हते?’

इथंही खोटं बोलता आलं असतं. तोंडाशी आलं होतं. तो उंच माणूस मान वळवून उभा राहिलेला तिला दिसला.

‘करू देत होते.’

‘मग?’

‘डाग पडला असता.’

आईनं पहिल्यांदाच वर बघितलं. अक्षया बोलत सुटली, थांबलं की संपलं अशा घाईनं. लाकडाला पॉलिश नव्हतं आई, कोरा ओक, हळदीचा रंग लाकडात लगेच जातो, मग निघत नाही. मला त्या क्षणी तेवढंच दिसलं, आपलं काम दिसलं, की ही वस्तू दुसऱ्याची आहे आणि आपण तिच्यावर डाग पाडतोय. थोड्या वेळानं ती जाळणार होते हे मला माहीत होतं. माहीत असून माझा हात खिशातून निघाला नाही. मग पेटीपुढचा पडदा बंद झाला. मी गाडीत येऊन बसले तेव्हा मला कळलं मी काय केलं.

‘डाग,’ आई म्हणाली. एवढंच. आणि पुढची काडी घेतली, पण ती तिला खुडता येईना. बोटं नुसती देठावरून फिरत राहिली. ती म्हणाली, ‘म्हणजे काल मी लावलं, ते पहिलं.’

मग तीच उठली. मला वर ने, म्हणाली. अक्षयानं हात धरला. एकेका पायरीवर थांबत, कठड्याला धरत दोघी माळ्यावर गेल्या. कॉफीचा मग पायरीऐवजी टेबलावरच होता, कॉफी गार. आईनं खुर्ची ओढली. दिव्याखाली ते शहर, ते जनावर, ती अजून न पडलेली चप्पल, सगळं तसंच होतं, आणि इतके दिवस या सगळ्यावर वाकून आपण फक्त बुरशी पुसत होतो याचं अक्षयाला आता नवल वाटत होतं. इतकं भयंकर चित्र आहे हे. कुणाला तरी दिवसाढवळ्या उचलून नेताहेत आणि कुणाला काही करता येत नाही. म्हातारीला पायरीसुद्धा सोडता येत नाही.

‘ते भिंग दे. बघू दे मला नीट तिला.’

आईनं भिंग डोळ्याशी धरलं, पुढं केलं, मागं घेतलं. ‘चेहरा कुठाय? इथं नुसत्या रेघा आहेत.’

‘जवळून तसंच दिसतं. डोळा म्हणजे दोन रेघा, ओठ म्हणजे एक. लांबून बघितलं की चेहरा होतो.’

आईनं भिंग ठेवून दिलं. हात लांब करून, मान मागं नेऊन पाहिलं. ‘पिवळं पडायला लागलंय कडेनं.’

‘कागदामुळं. हळद होतेय त्याची परत.’

‘लग्नात हळद लागली तर हसत होती नुसती,’ आई म्हणाली. ‘भटजी रागावले.’ तेव्हा मात्र तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि अक्षयाला एकदम वरदा दिसली, पिवळी धम्मक, तोंडात हळद गेली म्हणून थुंकत हसणारी. तिला खरा चेहरा दिसला याचाच तिला इतका धक्का बसला की ती खाली जमिनीवरच बसली. सहा वर्षं तिनं वरदाला पेटीशिवाय पाहिलंच नव्हतं.

‘चल,’ आई डोळे पुसून म्हणाली. ‘पूस ते आता. त्या बाई यायच्या आहेत. तुझं नाव जायला नको.’

अक्षया उठली. कुंचल्यानं वरची भुकटी अलगद झटकली, ती एका कागदात गोळा केली. मग काडीला कापसाचा बोळा गुंडाळला, स्पिरिटमध्ये बुडवला, टिपकागदावर टेकवला, वाकली. हजार वेळा केलेलं काम. बोळा कपाळापासून बोटभर वर होता आणि पुढं जाईना. सवाष्णीच्या कपाळावरचं कुंकू पुसायला निघालेला आपला हात तिला दिसला. आई बघत होती.

‘मला नाही जमणार,’ ती म्हणाली. ‘पुसत नाही मी. दुसरा एक मार्ग आहे. हा रंग उजेडात टिकत नाही. बाकीचं चित्र झाकायचं आणि एवढंच उघडं ठेवायचं. ऊन लागलं की हळूहळू जातं आपोआप. कागदाला काही होत नाही, शाईलाही नाही.’

‘पुसायला नको?’

‘नको.’

‘लीड्समध्ये ऊन?’ आई म्हणाली, आणि एवढ्यातही दोघींना थोडं हसू आलं.

तिनं तिथंच उभं राहून मिसेस व्हिटेकरांना फोन लावला. माझ्या घरात चित्रावर एक डाग पडलाय, माझी जबाबदारी आहे, काढायला वेळ लागेल, शुक्रवारी देता येणार नाही. पलीकडून ‘आय सी. कसला डाग?’ अक्षयानं क्षणभर विचार केला. ‘माझ्या आईनं चित्रातल्या बाईच्या कपाळाला कुंकू लावलं,’ ती इंग्रजीत म्हणाली, ‘माझी बहीण वारली तेव्हा मी लावायला हवं होतं ते.’  मी येऊन बघते, असं मिसेस व्हिटेकर शेवटी म्हणाल्या, आणि त्या आवाजातून काहीच कळेना. काम जाईल, कदाचित नावही जाईल. अक्षयाला त्याची भीती वाटली, पण त्या भीतीच्या मागं लपायचं नाही एवढं तिनं ठरवलं.

काळ्या पुठ्ठ्याला तिनं भोक पाडलं, हरभऱ्याएवढं. चित्र छताच्या काचेखालच्या टेबलावर नेलं, पुठ्ठा त्यावर बेतून ठेवला. शहर गेलं, जनावर गेलं, पंख गेले, म्हातारी गेली. काळ्यात नुसतं एक कपाळ राहिलं आणि त्यावर पिवळ्या कडेचा लाल ठिपका. आईनं खुर्ची तिकडं सरकवून घेतली. वर काचेवर ढगांचा राखाडी पडदा होता, रोजचाच. दोघी त्याच्याकडं बघत बसल्या. हरीशला काय सांगायचं, यतीनला सांगायचं का, वरदाचा विहान आता केवढा झाला, असलं काहीबाही बोलणं झालं. मध्येच आई म्हणाली, ऊन पडू दे लवकर, संपू दे एकदाचं. 

आणि मग ढग सरले. इथं तसं होतं कधीकधी, ध्यानीमनी नसताना. काचेतून ऊन थेट टेबलावर उतरलं, पुठ्ठ्यावर, त्या भोकावर, आणि ठिपका एकदम लालभडक दिसला. आईचा हात वर आला. काही न बोलता, स्वतःच्याही नकळत, तिनं तळवा उघडून काच आणि कपाळाच्या मध्ये धरला. ठिपक्यावर सावली पडली. म्हातारा हात, शिरा फुगलेल्या, खाली येत नव्हता. आई, हात काढ, नाहीतर ते जाणार नाही, असं अक्षयानं म्हणायला हवं होतं. तिनं म्हटलं नाही. हात दुखायला लागून आईनं तो खाली घेईपर्यंत ती थांबली, आणि मग तिनं आपला हात तिथं धरला.